खात्री होईपर्यंत थांबू नका, मॅडम

ताई,
तासगाव तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी शिक्षण सेवक म्हणून लागले, त्याला दीड वर्ष झालं. आमच्याकडे गणिताचे एक सर आहेत. वीस वर्षांची नोकरी. एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला दरवर्षी त्यांची पोरं लागतात, म्हणून गाव त्यांना डोक्यावर घेतं. आठवीतली एक मुलगी त्यांच्या जादा तासाला बसते. फार हुशार. वडील नाहीत, आई द्राक्षबागेत मजुरीला जाते. गेले तीन महिने मी बघतेय. बाकीची पोरं साडेपाचला सुटतात, ही मागं राहते. वर्गाचं दार लोटलेलं असतं. नंतर सर तिला गाडीवरून वस्तीवर सोडतात. तिच्याकडे नवा मोबाइल आलाय, तो सरांनीच दिला असं तिची मैत्रीण म्हणाली. रात्री उशिरापर्यंत मेसेज चालतात आणि ‘आईला दाखवू नको, काढून घेईल’ असं सरांनी सांगितलंय म्हणे. डबा खायला ती आता मुलींच्यात बसत नाही. मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही नवीन आहात. ते तिला मुलीसारखं मानतात. उगाच काडी लावू नका, संस्थेची बदनामी होईल.’ मी काही वाईट पाहिलेलं नाही. उद्या खोटं ठरलं तर एका चांगल्या माणसाचा संसार मी मोडला असं होईल, आणि माझं कायम होणंही लांबच राहील. पण झोप लागत नाही. काय करू?

मॅडम,

ओळख पटेल अशा खुणा बदलून तुमचं पत्र वर दिलं आहे. त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडले. ‘मी काही वाईट पाहिलेलं नाही.’ अहो, तुम्ही पुष्कळ पाहिलंय. तीन महिने डोळे उघडे ठेवून पाहिलंय. फक्त त्याला काय म्हणायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. बी.एड.ला आपल्याला पाठ टाचण शिकवतात, फलकलेखन शिकवतात. हे कुणी शिकवत नाही.

एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रत्येकीला उत्तर आहे. अभ्यास राहिला म्हणून थांबवली. अंधार पडला म्हणून गाडीवरून सोडली. ऑनलाइन सराव करायला मोबाइल दिला. चांगले शिक्षकही यातलं एखादं करतात, मी स्वतः केलंय. पावसात अडकलेल्या पोरांना घरी पोचवलंय, फी भरलीय, वह्या घेऊन दिल्यात. पण ते करताना मी घरी निरोप द्यायची, स्टाफरूममध्ये सांगून निघायची, आणि पोरं दोन-तीन असायची. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जड वाटलं ते ‘आईला दाखवू नको’. मुलीच्या भल्यासाठी दिलेली वस्तू तिच्या आईपासून लपवावी लागत नाही. ज्या क्षणी मोठं माणूस लहान मुलाला आपल्या दोघांतलं गुपित सांभाळायला लावतं, त्या क्षणी कान टवकारायचे. कारण त्या गुपिताला एकदा होकार दिला की पुढचं गुपित सांभाळणं पोराला भाग पडतं.

आणि ही मुलगी कशी निवडली गेली तेही बघा. वडील नाहीत. आई सकाळी टोळीबरोबर बागेत जाते ती दिवस मावळताना येते. फळछाटणीच्या हंगामात तर तिला मान वर करायला फुरसत नाही. मुलगी हुशार, शिकायची ओढ असलेली, कौतुकाला आसुसलेली. एनएमएमएस मिळाली तर नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला एक हजार रुपये, वर्षाचे बारा हजार. त्या घरात ही रक्कम केवढी असेल याचा अंदाज सरांना आहेच. अशा मुलीला आधी खास असल्यासारखं वागवतात, मग मैत्रिणींपासून बाजूला काढतात. डबा खायला ती मुलींच्यात बसत नाही, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला तिथंच धस्स झालं. त्यानंतर येतं गुपित, मग चुकून लागल्यासारखा स्पर्श, आणि मुलगी काही बोलली नाही की पुढचा. दरम्यान गावालाही तयार केलेलं असतं. निकाल लागतात, सत्कार होतात, त्यामुळे उद्या पोर बोललीच तर ‘असे सर असं करतील?’ हे उत्तर आधीच तयार असतं.

हे सर नक्की तसेच आहेत असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. पण खात्री करून घेणं हे तुमचं काम नाही, हेच मला तुम्हाला सांगायचंय. ते काम पोलिसांचं आणि न्यायालयाचं. तुम्ही खात्रीची वाट बघत राहिलात, तर ती खात्री त्या मुलीच्या अंगावर काहीतरी घडूनच येणार आहे.

कायदाही हेच सांगतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२, आपण ज्याला पॉक्सो म्हणतो, त्याचं १९ वं कलम काढून वाचा. गुन्हा घडल्याची माहिती असेल तर कळवा, एवढ्यावर ते थांबत नाही. गुन्हा घडण्याची शक्यता वाटत असेल, तशी धास्ती असेल, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे तुमची जबाबदारी संपली, असं होत नाही. गुन्हा घडल्याचं कळूनही गप्प बसलं तर २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर वर्षभरापर्यंत कैद आणि दंड. तुमच्या मुख्याध्यापकांना ‘बदनामी’ हा शब्द आठवला, हे कलम आठवलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाले होते, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं कळूनही पोलिसांना सांगितलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयानं डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द करणारा आदेशच बाजूला सारला आणि कळूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं.

‘खोटं ठरलं तर?’ या तुमच्या भीतीलाही तिथंच उत्तर आहे. सद्भावनेनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीच कारवाई होत नाही, हे १९ व्या कलमातच लिहिलंय. शिक्षा आहे ती अपमान करायला, पैसे उकळायला, धमकवायला किंवा बदनामी करायला मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला. तुम्ही जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगा. पाहिलेलं ‘पाहिलं’ म्हणून आणि मैत्रिणीकडून ऐकलेलं ‘ऐकलं’ म्हणून. त्यात तुमचा अंदाज मिसळू नका. मग चौकशीत काही निघालं नाही तरी तुम्ही कुणाचा संसार मोडला असं होत नाही.

आता नेमकं काय करायचं. आज रात्रीच एका वहीत तारखा घालून सगळं लिहून काढा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणती खोली, दार कसं होतं, कोण काय म्हणालं. मुख्याध्यापकांशी कधी बोललात आणि ते काय म्हणाले, तेही. ही वही शाळेत ठेवू नका.

मुख्याध्यापकांना लेखी द्यायचंच आहे, पण त्याआधी १०९८ ला फोन करा. ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत. किंवा सरळ पोलीस ठाण्यात जा आणि महिला अधिकाऱ्याला भेटा. त्यानंतर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात द्या. हा क्रम मी मुद्दाम सांगतेय. आधी मुख्याध्यापकांकडे गेलात तर दुपारच्या सुट्टीपर्यंत सरांच्या कानावर जाईल, संध्याकाळपर्यंत मोबाइलमधलं सगळं पुसलेलं असेल आणि मुलीला काय बोलायचं ते शिकवलेलं असेल. सरांना तुम्ही स्वतः जाब विचारायला जाऊ नका, तेही याच कारणानं.

मुलीशी कसं बोलायचं, हा सगळ्यात नाजूक भाग. तिला कोपऱ्यात घेऊन ‘सरांनी तुला हात लावला का?’ असं विचारू नका. एक तर ती घाबरून नाही म्हणेल. दुसरं, तुमचे शब्द तिच्या तोंडी बसले की पुढे न्यायालयात समोरचा वकील म्हणेल, हे मॅडमनी पढवलं. तिच्या शेजारी बसा, डब्यातली चटणी द्या, आणि एवढंच म्हणा: ‘तू अलीकडे गप्प असतेस असं मला वाटतं. कधी काही सांगावंसं वाटलं तर मी आहे. मी रागावणार नाही.’ मग थांबा. ती बोलली तर मध्ये तोडू नका. ‘अगं बाई!’ म्हणून कपाळाला हात लावू नका. ‘आधी का नाही सांगितलंस’ हे तर चुकूनही नको. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही, आणि एका मोठ्या माणसानं तिला गुपितात अडकवलेलं असताना दुसऱ्यानं तेच करू नये. म्हणा: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. तुला जपता येईल अशाच माणसांना मी सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवीन.’ नंतर ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा विचारू नका. मोबाइलमधले मेसेज तिनं पुसू नयेत एवढं बघा. त्यात एखादा तसला फोटो असेल तर तो स्वतःच्या मोबाइलवर घेऊ नका, कुणाला पाठवू तर मुळीच नका. तो पोलिसांनीच बघावा.

ती उलट तुमच्यावर चिडेल, हीही शक्यता धरा. ‘सर किती चांगले आहेत, तुम्हीच वाईट आहात’ असं म्हणेल. त्यानं खचू नका. तिला कुणीतरी पहिल्यांदाच एवढं महत्त्व दिलंय, ते तिला खरंच हवंय. गावातली मोठी माणसंही म्हणतील, ‘तिलाच आवडतात सर, मग काय करायचं?’ अठरा वर्षांच्या आतल्या मुलीच्या संमतीला या कायद्यात काही किंमत नाही, हे त्यांना सांगा. आणि शाळेतल्या माणसानं केलं तर ते आणखी गंभीर धरलं जातं. लैंगिक हेतूनं केलेल्या स्पर्शाला एरवी तीन ते पाच वर्षं शिक्षा आहे, तोच स्पर्श शाळेतल्या कर्मचाऱ्यानं केला तर पाच ते सात वर्षं. स्पर्शच व्हायला पाहिजे असंही नाही. लैंगिक हेतूनं मुलाचा सतत पाठलाग करणं, त्याच्यावर नजर ठेवणं, मोबाइलवरून सारखा संपर्क ठेवणं हाही गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. हेतू होता की नव्हता ते तपासात ठरेल.

मुलीच्या आईकडे जाल तेव्हा एकट्या जाऊ नका. अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्ती, जिच्यावर त्या घराचा विश्वास आहे अशी कुणीतरी बरोबर असू द्या. त्या माउलीला पहिली भीती वाटेल अब्रूची, आणि दुसऱ्या क्षणाला ती म्हणेल, ‘शाळाच बंद करते. मामाला सांगून हात पिवळे करते.’ आपल्या भागात हे होतं, तुम्हालाही माहीत आहे. त्या पोरीनं काही केलेलं नसताना शिक्षा तिलाच. म्हणून आईला आधी हे सांगा, की मुलीचं नाव, फोटो, शाळा काहीही छापायला कायद्यानं बंदी आहे. तिला ठाण्यात जाऊन बसावं लागणार नाही. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरची अधिकारी घेते, वर्दी न घालता, आईच्या समोर. वैद्यकीय तपासणी लागलीच तर महिला डॉक्टर करतात. न्यायालयात सरांच्या डोळ्यांसमोर उभं राहून बोलावं लागत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समिती सगळ्या प्रक्रियेत मुलीच्या सोबतीला एक सहायक व्यक्ती देऊ शकते. हे सगळं कागदावर आहे. प्रत्यक्षात बदलापुरात २०२४ च्या ऑगस्टमध्ये शाळेत अत्याचार झालेल्या चार वर्षांच्या चिमुरड्यांच्या पालकांना ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवलं होतं, हेही मी विसरलेले नाही. म्हणूनच आईबरोबर कुणीतरी पाहिजे, जे म्हणेल, ‘साहेब, कायदा असा आहे.’

गावात बैठक बसेल. चेअरमन येतील, भावकीतलं कुणीतरी येईल, सरांची बायको आईच्या पाया पडेल. ‘मिटवून टाका’ म्हणतील, एखादं स्टॅम्पपेपरही तयार करतील. त्या कागदाला किंमत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात मुलीच्या वडिलांनी तडजोड केली, म्हणून तिथल्या उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला होता. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. असा गुन्हा हा दोन घरांतला खासगी वाद नाही, तो तडजोडीनं मिटत नाही, असं स्पष्ट केलं. मुलीला आणि सरांना समोरासमोर उभं करून ‘बोल आता’ म्हणण्याची जी पद्धत आपल्या शाळांत आहे, ती तर होऊच देऊ नका.

आणखी एक गोष्ट घडू शकते, ती मला जास्त छळते. सर राजीनामा देतील, संस्था सुटकेचा श्वास टाकेल आणि प्रकरण संपलं असं धरेल.

नोकरीत मी नवी होते, तुमच्याच वयाची. आमच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. आम्ही चौघी बाया होतो स्टाफमध्ये, चौघींना कळत होतं. आम्ही काय केलं? मुलींना सांगितलं, ‘चित्रकलेच्या खोलीत एकटीनं जाऊ नका गं.’ म्हणजे जपायचं काम बारा वर्षांच्या पोरींवर टाकलं आणि मोठ्या माणसांना काही विचारलं नाही. पुढे कुणा पालकानं आवाज केला, तेव्हा त्यांना शाल-नारळ देऊन निरोप दिला आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखलाही दिला. त्या निरोप समारंभाचं सूत्रसंचालन मी केलं होतं. बऱ्याच वर्षांनी कऱ्हाडच्या स्टँडवर एक बाई भेटली, कडेवर मूल. मी कोणत्या शाळेत होते हे बोलता बोलता निघालं, आणि ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘म्हणजे आमचे चित्रकलेचे सर तुमच्या शाळेतनं आले होते.’ एवढंच म्हणाली आणि तिची एसटी लागली. आमच्या शाळेतून दाखला घेऊन गेलेला माणूस तिच्या शाळेत शिकवत होता. तेव्हा पॉक्सो नव्हता, पण तोंड होतं की आम्हाला. तुम्हाला झोप लागत नाही म्हणता ना, मला त्या बाईचा चेहरा आठवला की अजूनही लागत नाही.

तुमच्या नोकरीबद्दल मी गोड बोलणार नाही. अठरा हजारांवर काम करणाऱ्या शिक्षण सेवकाला संस्था कसा त्रास देऊ शकते ते मला ठाऊक आहे. जादा तासिका लावतील, स्टाफरूममध्ये बोलणं बंद होईल, कायम होताना शेरा खराब मारायचा प्रयत्न होईल. म्हणूनच प्रत्येक गोष्ट लेखी, तारीख आणि पोच. तक्रारीची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे आधीच गेलेली असेल, तर नंतर तुमच्यावर घेतलेला आकस लपणार नाही. आणि स्टाफमधली एखादी ज्येष्ठ बाई शोधा. तुम्हाला दिसलं ते तिलाही दिसलेलं असणार. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. त्यात शिक्षिका, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, महिला पालक अशी माणसं असतात. नायगावच्या सावित्रीबाईंचं नाव घेतलेली ती समिती तुमच्या शाळेत फक्त भिंतीवरच्या फलकावर आहे का, ते बघा. तसं असेल तर तिची बैठक लावायची मागणीही लेखी करा. पण समितीकडे गेलं म्हणजे पोलिसांकडे जायला नको असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका.

मुख्याध्यापकांना, त्यांच्या हाती हे पडलं तर, मला एवढंच सांगायचंय की नियम सगळ्यांना सारखे लावले की कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. जादा तास दार उघडं ठेवून, खिडक्यांतून आत दिसेल अशा खोलीत. एकट्या मुलाला थांबवायचं नाही. निरोप फक्त वर्गाच्या गटावर, ज्यात पालक आहेत, आणि रात्री नाही. गाडीवरून एकट्या मुलीला किंवा मुलाला नेणं बंद. हो, मुलालाही. वसतिगृहात आणि मैदानावर मुलगेही यात सापडतात, त्यांचं तर कुणी ऐकूनच घेत नाही. पॉक्सोत मुलगा-मुलगी असा भेद नाही. नव्या माणसाची पोलीस पडताळणी तर करायचीच, शिवाय आधीच्या शाळेला फोन करून ‘का सोडली’ हे विचारायचं. तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात लावली तर कोणतं पोर तिच्यात चिठ्ठी टाकेल? ती पाण्याच्या टाकीजवळ लावा. ज्या शिक्षकाचं मन साफ आहे त्याला यातलं काहीही जड जाणार नाही, उलट उद्या कुणी त्याच्यावर बोट दाखवलं तर हेच नियम त्याच्या बाजूनं बोलतील.

मॅडम, एक काम मात्र पोलिसांकडून होणार नाही, तुम्हालाच करावं लागेल. सर गेले की त्या पोरीचा जादा तासही जाईल, आणि वर्गातली बाकीची पोरं म्हणतील, हिच्यामुळं आमची शिष्यवृत्ती बुडाली. तसं होऊ देऊ नका. शेजारच्या शाळेतल्या गणिताच्या एखाद्या बाईंना विनंती करा, नाहीतर बुद्धिमत्तेचे प्रश्न तुम्ही स्वतः घ्या. ते भाषेच्या शिक्षकालाही जमतात, मी घेतलेत. व्हरांड्यात सतरंजी टाका, सगळ्या पोरांना एकत्र बसवा, साडेपाचला सोडा आणि ती वस्तीवरच्या मुलींबरोबर निघाली का ते फाटकापाशी उभं राहून बघा. फोन केलात की मला कळवा. आणि परीक्षा झाल्यावर तिला पेपर कसा गेला, तेही.